पोचलं म्हणणारी पेटी

समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत ‘कळलं, कळलं’ म्हणायची घाण खोड आमच्या जावयाला होती. त्या मंगळवारी दुपारी मी तरातरा घरात आले, हाताला दुधाचा वास, पदराला दुधाचा वास, आणि सांगायला लागले की टँकर दूध न घेताच माघारी गेलाय, अख्ख्या गावाचं दूध गटारीला सोडायची पाळी आलीय, तर हे ताटावर बसलेले. कालवणात भाकरीचा तुकडा बुडवत म्हणाले, “कळलं मामी, कळलं.” आणि घास तोंडात घातला.

मी तरीही सगळं सांगितलं. टँकरवाल्यानं नेहमीसारखी कागदाची पट्टी दुधात बुडवली, तिचा रंग फिरला. दुधात औषध. गायीला दिलेलं औषध दुधात उतरलंय, हे दूध तालुक्याचा संघ घेणार नाही. थंड करायच्या टाकीत नऊशे लिटर होतं. त्यात कुणा एकीची किटली वाईट, पण दूध एकदा मिसळलं की मिसळलं. टाकीची तोटी आम्ही सोडली आणि डेअरीपासून ओढ्यापर्यंत पांढरी धार लागली. चाळीस बायका आपापल्या दुधाकडं बघत उभ्या होत्या. कुणी रडलं नाही. रडण्यापेक्षा वाईट तोंडं होती ती. उन्हात तासाभरात तो वास उठला, नासल्याचा, आंबूस, जिभेला चिकटणारा. पुढं आठवडाभर गावात माशांचं राज्य होतं.

“कुणाचं निघालं?” जावईबापूंनी विचारलं.

प्रत्येकीच्या दुधाची बाटली आम्ही दिवसभर राखून ठेवतो. त्या बाटल्यांत पट्ट्या बुडवून बघितल्या होत्या. “नंबर चौदा,” मी म्हटलं. “बायडा पवार.”

आणि खोटं कशाला सांगू, ते नाव घेताना मला बरं वाटलं होतं.

आमचं वेळंबी डोंगराच्या पोटातलं गाव. महिला दूध संस्थेची मी, गजराबाई निकम, चेअरमन. शाळा दोन इयत्ता. सही करायला शिकले ती चेअरमन झाल्यावर, पन्नाशी ओलांडल्यावर. बायडानं निवडणुकीत माझ्यासमोर अर्ज भरला होता आणि चावडीवर उभी राहून म्हणाली होती की जिला बेरीज येत नाही ती काय फॅट लावणार. त्याच्या आधी बांधाचं भांडण होतं, त्याच्या आधी तिच्या दिराच्या लग्नातल्या मानाच्या साडीचं. तीस वर्षांचं वैर होतं, आणि ते आम्ही दोघींनी नीट सांभाळलं होतं. नळावर आम्ही दोघी एका वेळी गेलो तर बाकीच्या बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या, तमाशा बघायला जागा हवी म्हणून.

आता पेटीचं सांगते.

आमच्या डेअरीत काट्यावर किटली ठेवली की वजन आणि फॅट कॉम्प्युटरात जायची. तिथून तारेनं तालुक्याला, संघाच्या मोठ्या कॉम्प्युटरकडं. त्याला सगळे सर्व्हर म्हणायचे. त्या दोघांचं बोलणं म्हणजे दोन बहिऱ्या म्हाताऱ्यांचं बोलणं. आहेस का. आहे. ऐकतोस का. ऐकतो. पाठवू का. पाठव. पोचलं का. पोचलं. एकेका किटलीमागं एवढं चऱ्हाट. त्यात डोंगरामुळं लाइन येणार आणि जाणार. मध्येच तुटली की पुन्हा ‘आहेस का’पासून सुरुवात. बायका तासतासभर रांगेत. चैत्र-वैशाखात किटलीतल्या किटलीत दूध फुटायचं.

आमची वैजयंता, माझी एकुलती एक मुलगी, पुण्याला दिली आहे. तिचा नवरा धैर्यशीलराव, कॉम्प्युटरचे इंजिनीयर. एकदा सणाला आले असताना त्यांनी ही रांग बघितली आणि डोक्यात घेतली. चार वर्षं खपून त्यांनी पेटी काढली. चपातीच्या डब्याएवढी, वर दोन हिरवे दिवे. ती कॉम्प्युटर आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसायची. आमच्या कॉम्प्युटरनं काही विचारलं की सर्व्हरच्या वतीनं हीच उत्तर द्यायची, तिथल्या तिथं, ‘पोचलं’. बाई मोकळी, पुढची किटली काट्यावर. मग सवडीनं, लाइन असेल तेव्हा, सगळ्याचा एक गठ्ठा करून पेटी तो तालुक्याला धाडायची.

मला समजावं म्हणून त्यांनी दोनदा सांगितलं. मी म्हटलं, म्हणजे सोयरीक जुळवणारा मध्यस्थ. मुलीकडच्यांना विचारायच्या आधीच मुलाकडं जाऊन ‘पसंत आहे’ म्हणून साखर खाऊन येतो, तो. त्यावर ते खूप हसले आणि म्हणाले की मामी, तुम्हीच पेटंटचा अर्ज लिहायला हवा होता. अर्ज त्यांनी केला होताच. पुण्याची एक कंपनी ती युक्ती घ्यायला तयार होती, फक्त खेड्यात चाललेली बघायची होती. म्हणून पहिली पेटी आमच्या डेअरीत. संघ नको म्हणत होता. मी तालुक्याला जाऊन साहेबाच्या टेबलावर हात आपटून परवानगी आणली. पेटी बसली त्या दिवशी बायका पंधरा मिनिटांत घरी. मी गावभर पेढे वाटले. ‘माझा जावई’ हे दोन शब्द मी त्या महिन्यात जितक्या वेळा उच्चारले तितका कधी देवाचा जप केला नसेल.

कंपनीची माणसं दूध ओढ्याला गेलं त्याच आठवड्यातल्या गुरुवारी यायची होती. वैजू आणि जावईबापू म्हणून तर शनिवारपासूनच आले होते.

तर बुधवारी सकाळी संघाचे सुपरवायझर जगदाळे चौकशीला आले. डेअरीसमोर सतरंजी टाकली. बाहेर ओढ्याकडून तो वास येतच होता, जगदाळे नाकाला रुमाल लावून बोलत होते.

बायडा उभी राहिली. तिनं सांगितलं की सोमवारी सकाळी तिच्या तांबड्या गायीची कास सुजली, डॉक्टरनं सडात औषध सोडलं आणि चार दिवस दूध घालू नका म्हणाला. संध्याकाळी ती स्वतः डेअरीत आली आणि सचिव मंदाला सांगून गेली. मंगळवारी पहाटेच तिला माहेरी दहाव्याला जायचं होतं. घरी नवरा ज्ञानू, त्याला ऐकू कमी, त्यानं सवयीनं दोन्ही गायींची धार काढून किटली आणली. “पण मी सांगून गेले होते,” बायडा म्हणाली. “काट्यानं घ्यायलाच नको होतं.”

यात तिचं चुकत नव्हतं. कुणाच्या जनावराला औषध दिलं की मंदानं त्या नंबरापुढं ‘वेगळं’ असं बटण दाबायचं. तो निरोप सर्व्हरला पोचला की चार दिवस काटा त्या नंबराची किटली घ्यायचाच नाही, कुणीही आणू दे. माणूस विसरेल, नवरा बहिरा असेल, काटा विसरत नाही, यावर आम्ही सगळ्याजणी बिनघोर होतो.

मंदा म्हणाली, तिनं बटण दाबलं. सोमवारी, दिवेलागणीच्या आधी. पडद्यावर हिरव्यात ‘पोचलं’ आलं. तिनं डोळ्यांनी बघितलं.

जगदाळेंनी संघातून छापून आणलेले कागद पुढं ठेवले. सोमवार संध्याकाळची सगळी वजनं पोचली होती, फॅट पोचली होती, अगदी शेवटच्या किटलीची. चौदा नंबरच्या ‘वेगळं’चा मागमूस नव्हता. ते म्हणाले की एकतर पवारबाईंनी सांगितलंच नाही, नाहीतर मंदाताईंनी दाबलंच नाही, नाहीतर दोघी मिळून आता गोष्ट रचतायत. मंदाच्या डोळ्यांना धार लागली. चार-सहा बायका, ज्यांचं दूध ओढ्याला गेलं होतं, त्या मोठ्यानं बोलायला लागल्या. बायडाला कुणी चोर म्हणालं, कुणी दुधात विष घालणारी म्हणालं. ती मान वर करून उभी होती. तिची मान खाली गेली असती तर मला अधिक बरं वाटलं असतं.

मग जगदाळे वळले ते बाजूला खुर्चीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेल्या आमच्या जावयाकडं. निरोप वाटेत हरवू शकतो का, एवढंच त्यांनी विचारलं.

धैर्यशीलराव म्हणाले, “वजनं पोचलीत ना? मग लाइन होती. नोंद नसेल तर बटण दाबलं गेलं नसणार.”

एवढं सरळ, एवढ्या शांतपणे. जगदाळेंनी मान डोलावली. निकाल असा ठरला की चौदा नंबर कायमचा बंद, बायडाचं दूध या गावात किंवा संघाच्या कुठल्याही गावात पुन्हा घ्यायचं नाही, आणि मंदाच्या जागी दुसरी सचिव. ठरावावर चेअरमनची सही हवी. कागद टाइप करून गुरुवारी सकाळी आणतो म्हणाले, कंपनीची माणसं येतील तेव्हा मीही असतोच.

बायडाचं घर दोन गायींवर चालायचं. जमीन म्हणाल तर खडक. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तो खडक आमच्याच बांधाला लागून आहे.

घरी आले. चुलीपुढं बसले पण हात चालेना. मंदा भित्री आहे. सासूला चहात साखर कमी पडली हेसुद्धा तिला खोटं सांगता येत नाही. आणि बायडा? तिनं मला तोंडावर काय काय म्हटलंय ते इथं सांगता यायचं नाही. पण ती तोंडावर म्हणते. तीस वर्षांत तिनं केलेलं एकही काम तिनं ‘मी नाही केलं’ म्हणून नाकारलेलं मला आठवेना. बांध कोरला तेव्हासुद्धा कुदळ हातात धरून म्हणाली होती, हो, कोरलाय, काय करशील. अशी बाई दोन गायींसाठी सतरंजीवर उभी राहून खोटं बोलेल, हे माझ्या घशाखाली उतरेना.

जावईबापू जेवायला आले. वैजू वाढत होती. मी त्यांच्यासमोर पाट घेऊन बसले आणि विचारलं की तुमची पेटी सर्व्हरला विचारायच्या आधीच पोचलं म्हणते, तर मंदाला दिसलेलं ‘पोचलं’ कुणाचं, सर्व्हरचं की पेटीचं.

ते हसले. मला एवढं कळलं याचं त्यांना कौतुक वाटलं असावं. आणि मग त्यांनी सांगून टाकलं, अगदी सहज, कोशिंबीर मागावी तसं. निरोप पेटीत आला होता. लाइन थोडा वेळच आली. पेटीला त्यांनी शिकवलं होतं की आधी वजनं आणि फॅट धाडायची, बाकीचं मागून. बाकीचं मागं राहिलं. मंगळवारी दुपारी माझ्या तोंडून चौदा नंबर ऐकल्यावर त्यांनी जाऊन बघितलं, तर निरोप पेटीत तसाच पडलेला, सोमवार, सहा वाजून चाळीस मिनिटं. मग त्यांनीच तो अडवून ठेवला. आता सोडला तर संघाच्या पडद्यावर दिसेल की सोमवारचं बुधवारी पोचलं, आणि कंपनी येते गुरुवारी.

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. मी म्हटलं, “म्हणजे सकाळी सतरंजीवर तुम्हाला ठाऊक होतं?”

“मामी, हजारात एकदा होणारी गोष्ट आहे. मी ती दुरुस्त करणारच आहे. फक्त गुरुवार जाऊ दे.”

“आणि बायडा?”

तेव्हा ते जे बोलले ते मला आजही अक्षर न् अक्षर आठवतं. भातावर तूप वाढून घेत म्हणाले, “तुमचं तर बरंच झालं की. चौदा नंबर गेला तर पुढच्या निवडणुकीला तुमच्यासमोर आहे कोण?”

ओढ्याचा तो वास घरात शिरल्यासारखा वाटला. आणि जास्त किळस कशाची आली सांगू? त्यांनी माझ्या मनातलं आदल्या दिवशीचं बरोबर वाचलं होतं. ते नाव घेताना मला बरं वाटलं होतं ना, ते ह्या माणसानं टिपून घेतलं होतं आणि आता मला वाढायला काढलं होतं.

वैजू दारात भांडं धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, “आई, चार वर्षं राबलेत ते. रात्रीची झोप नाही बघितली. एकच दिवस थांब.”

पोटची पोर. तिचा चेहरा बघून मी थांबले. तो माझा गुन्हा, तो मी कुणावर ढकलत नाही. मी जावयाला एवढंच सांगितलं की पेटीचं चुकलं, त्यात लाज नाही, चूक भगवंताच्या हातूनही होते. उद्या सकाळी जगदाळे सहीचा कागद काढायच्या आत तुम्ही स्वतः उठून सांगा, निरोप पेटीत आहे म्हणून. कंपनीला आवडलं तर आवडलं. माझं पूर्ण बोलून झालं नव्हतं, तोवर त्यांचं ‘कळलं मामी, कळलं’ झालं होतं.

गुरुवारी सकाळी डेअरी धुऊन, दारात रांगोळी. दूध घालून झालं तरी बायका थांबल्या होत्या. पुण्याची गाडी आली. दोन पुरुष आणि एक बाई, तीच त्यांची मुख्य. चित्रा नाडकर्णी असं नाव तिनं स्वतःच सांगितलं, साधी सुती साडी, आवाजात हुकूम नाही पण सगळे ऐकायचे. जगदाळे ठरावाचा कागद पुठ्ठ्याला लावून उभे. बायडा आली होती, सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून. तिला कुणी बोलावलं नव्हतं. आपला नंबर खोडताना बघायला आली होती, असल्या बाबतीत ती माझ्यासारखीच आहे.

धैर्यशीलराव बोलत होते. काय सुंदर बोलत होते. डोंगर, लाइन, रांगेतल्या बायका, फुटणारं दूध. बायका टाळ्या वाजवत होत्या. मी वाट बघत होते. आत्ता सांगतील. आत्ता सांगतील. ते खाली बसले. जगदाळेंनी कागद माझ्यापुढं केला, पेनचं टोपण काढून दिलं, आणि म्हणाले की सही झाली की चेअरमनबाईंनी पाहुण्यांना दोन शब्द सांगावेत.

मी पेन खाली ठेवलं. नाडकर्णीबाईंना विचारलं, “बाई, या पेटीत जे पुढं गेलं नाही, ते दिसतं का?”

दिसायला हवं, त्या म्हणाल्या. त्यांना प्रश्न आवडल्यासारखा वाटला. त्यांनी धैर्यशीलरावांना दाखवायला सांगितलं.

त्यांनी एक क्षणही घेतला नाही. लॅपटॉप फिरवला, दोन बटणं दाबली. पडदा कोरा. मागं राहिलेलं काही नाही. सोमवारचंही नाही, कसलंही नाही.

“मामींना यातलं फारसं कळत नाही,” ते पाहुण्यांकडं बघून प्रेमानं म्हणाले. “कालपासून दगदग झालीय त्यांना.”

मला वाचता थोडं येतं, पण कोरं म्हणजे काय हे कळायला शाळा लागत नाही. हा माणूस माझ्या घरातून जेवून उठला, मला हो म्हणाला, आणि इथं येऊन बायडाचा निरोप पुसून गेला. आता तो निरोप जगात कुठंच नव्हता. मंदाच्या डोळ्यांत होता, तिचं कुणी ऐकणार नव्हतं. बायडाच्या तोंडात होता, तिचं तर त्याहून नाही. आणि माझ्या कानात होता.

वैजू पाहुण्यांच्या चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिच्याकडं मी बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलले नसते.

मी उभी राहिले आणि काल माझ्या स्वयंपाकघरात जे ऐकलं ते सांगितलं. सोमवार, सहा वाजून चाळीस, नंबर चौदा. वजनं आधी, बाकीचं मागून. अडवून ठेवलं ते. गुरुवार जाऊ दे, ते. निवडणुकीचं बोलणंसुद्धा सांगितलं, कारण ते गाळलं असतं तर मी माझीच लाज झाकली असती. पेटी मी भांडून आणली हेही सांगितलं.

जावयाचं नाव चारचौघांत कुठल्या सासूनं असं काढलं नव्हतं आमच्या गावात. दोन-तीन म्हाताऱ्यांनी तर तोंडाला पदर लावला.

धैर्यशीलराव म्हणाले की मामींचा गैरसमज झालाय. जगदाळे घसा खाकरून म्हणाले, “चेअरमनबाई, तुमचा शब्द आहे, पण याला पुरावा काय?”

तेव्हा मागून, भिंतीजवळून, बायडाचा आवाज आला.

“साहेब, ही बाई माझ्यासाठी खरं बोलतानासुद्धा तिच्या पोटात दुखतंय. ती खोटं कशाला बोलेल?”

आधी एक हसली, मग दुसरी, मग सगळी डेअरी. हसता हसता बायकांच्या लक्षात आलं की हे खरंच आहे. आमचं वैर गावातल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. मंदासाठी मी बोलले असते तर शंका घेतली असती, नात्यातल्या कुणासाठी बोलले असते तर नक्कीच घेतली असती. बायडा पवारसाठी गजराबाई निकम आपल्या जावयाची अब्रू उधळेल, तर ते खऱ्याशिवाय दुसऱ्या कशासाठी असेल? आदल्या दिवशी तिला चोर म्हणणारी हौसा पुढं झाली आणि जगदाळेंना म्हणाली, साहेब, कागद ठेवा आत. मग दुसरी म्हणाली. जगदाळेंनी माझ्याकडं बघितलं, बायडाकडं बघितलं, आणि पुठ्ठ्यावरचा कागद काढून घडी घालून खिशात ठेवला. चौदा नंबर राहिला. मंदाही राहिली.

नाडकर्णीबाईंचं लक्ष मात्र त्या कोऱ्या पडद्याकडंच होतं. त्यांनी लॅपटॉप आपल्याकडं ओढला, काही तरी उघडून बराच वेळ वाचत राहिल्या. मग धैर्यशीलरावांना हळू आवाजात विचारलं, “आज पहाटे पाच वाजता इथं कोण होतं?” धैर्यशीलराव वाकून पेटीची तार नीट करायला लागले. बाईंनी लॅपटॉप मिटला, माझ्याकडं बघून नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसल्या. चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली.

याला आता अकरा वर्षं झाली. पेटी त्याच दिवशी काढून टाकली. पुढची दोन वर्षं बायका पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या आणि त्याच्या शिव्या मला घातल्या, त्यांत बायडा पहिली. त्यानंतरच्या निवडणुकीला तिनं माझ्यासमोर अर्ज भरला आणि अकरा मतांनी मला पाडलं. आजही आम्ही बोलत नाही. वैजू वर्षातून दोनदा येते, एकटी, दोन दिवस राहते आणि त्या दिवसाचा विषय ती काढत नाही, मीही नाही. कधी कधी माझ्या हातची भाकरी खाताना ती मध्येच थांबते.

पण त्या गुरुवारचं शेवटचं सांगायचं राहिलं.

दुपारी ओसरीवर बॅगा भरून ठेवल्या होत्या. वैजू आत तोंड धूत होती, पुन्हा पुन्हा धूत होती. धैर्यशीलराव गाडीची किल्ली बोटात फिरवत माझ्यापुढं आले. डोळे लाल. मला वाटलं, हा आता तरी काही बोलेल. चुकलं म्हणेल. म्हटलं असतं तर मी सासू असले तरी आईच आहे, मी विरघळले असते.

ते म्हणाले, “मामी, चार वर्षांचं काम तुम्ही पाच मिनिटांत मातीत घातलंत. कुणासाठी? त्या बाईसाठी? तुमची ती कोण लागते?”

मी उठून उभी राहिले. जावई म्हणून डोक्यावर पदर घेतला, आवाज चढवला नाही, आणि सांगितलं,

“माझी ती वैरीण लागते, जावईबापू. मी मरायला टेकले की तोंडात पाणी घालायला ती आली तरी चालेल. तुम्ही मात्र माझा उंबरा ओलांडायचा नाही.”